तडजोड केलेल्या आणि थकीत खात्यांनंतर पुन्हा क्रेडिट कार्ड कसे मिळवावे?

चिंचवडकर

नमस्कार मंडळी,

२०२० साली मी ज्या कारखान्यात कामाला होतो तेथे आधी पगार निम्म्यावर आला आणि पुढे कारखान्यालाच टाळे लागले. त्या वेळी माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डे होती. हप्ते पुढे ढकलण्याची रिझर्व्ह बँकेची सवलत ऑगस्ट २०२० अखेर संपली आणि त्यानंतर दोन्ही कार्डांची बिले थकत गेली. पहिल्या कार्डाची थकबाकी व्याज आणि दंडासह १,१८,००० रुपयांवर गेल्यावर बँकेने २०२२ मध्ये ५२,००० रुपयांत तडजोड करून खाते मिटविले. तसे पत्र माझ्याकडे आहे. दुसऱ्या कार्डाचे ३१,४०० रुपये मात्र तसेच राहिले आणि माझ्या सिबिल अहवालात त्या खात्यापुढे 'राइट-ऑफ' असे दिसते. याखेरीज एका ॲपवरून घेतलेल्या ४,२०० रुपयांच्या कर्जाची थकीत नोंद आहे, जे कर्ज मी कधी घेतलेलेच नाही. माझा सिबिल स्कोअर सध्या ६१२ आहे.

आता चाकणला पक्की नोकरी आहे. पुरवठादारांकडे पाहणीसाठी होसूर आणि साणंद येथे वारंवार जावे लागते, हॉटेलचा आणि प्रवासाचा खर्च आधी स्वतः करून नंतर कंपनीकडून परत मिळतो, त्यामुळे कार्डाची गरज खरोखरच आहे. शिवाय दोन-तीन वर्षांत घरासाठी कर्ज काढायचे मनात आहे. गेल्या काही महिन्यांत तीन बँकांकडे अर्ज केले आणि तिन्हींकडून नकार आला.

माझ्याकडे सध्या ८०,००० रुपये बाजूला काढलेले आहेत. ते तडजोडीत सुटलेली उर्वरित रक्कम भरण्यासाठी वापरावेत, दुसऱ्या कार्डाची थकबाकी फेडावी, की त्यांची मुदत ठेव करून तिच्यावर मिळणारे कार्ड घ्यावे, हे ठरत नाही. एक एजंट १५,००० रुपयांत दीड महिन्यात स्कोअर ७५० करून देतो म्हणतो आहे. त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा?

निवृत्त शाखाधिकारी

चिंचवडकर, आधी त्या एजंटाचा विषय संपवू. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्या २००५ च्या कायद्याखाली काम करतात आणि ज्या बँकेने अथवा वित्तसंस्थेने माहिती पाठविली तिने दुजोरा दिल्याशिवाय त्यांना एक अक्षरही बदलता येत नाही. एजंट करतो ते एवढेच, की तुमच्या नावाने सगळ्या वाईट नोंदींवर सरसकट हरकती घेतो. ही हरकत तुम्ही स्वतः संकेतस्थळावरून फुकट घेऊ शकता, आणि खऱ्या नोंदीवर घेतलेली हरकत बँकेकडून 'माहिती बरोबर आहे' असा शेरा घेऊन परत येते. पंधरा हजार वाचवा आणि त्याला आधार, पॅन किंवा ओटीपी काहीही देऊ नका.

दुसरे, नवे अर्ज करणे आजपासून थांबवा. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमचा अहवाल मागविते आणि ती चौकशी अहवालात नोंदली जाते. थोड्या काळात अशा चार-सहा चौकश्या दिसल्या की पुढच्या बँकेतील अधिकारी 'हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे' असा अर्थ काढतो, मग तुमची गरज कितीही रास्त असो. तुम्ही स्वतः स्वतःचा अहवाल पाहिलात तर त्याने काही बिघडत नाही, आणि प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. त्या तीन नकारांची कारणे मात्र लेखी मागा. कार्डाचा अर्ज फेटाळल्यास मुख्य कारण लेखी कळविणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे आणि त्या पत्रावरून आपला नेमका कोणता दोष आड येतो आहे हे कळते.

आता पैशाकडे येऊ. तडजोडीत सुटलेले ६६,००० आणि दुसऱ्या कार्डाचे ३१,४०० मिळून ९७,४०० होतात, म्हणजे तुमच्या ८०,००० मध्ये दोन्ही बसत नाहीत. निवड करावीच लागणार, आणि माझ्या मते पहिला क्रम दुसऱ्या कार्डाचा आहे. राइट-ऑफ म्हणजे बँकेने ती रक्कम आपल्या ताळेबंदातून कमी केली, इतकेच. तुमचे देणे माफ झालेले नाही, आणि अहवालात ते आजही न फेडलेले म्हणून उभे आहे. तडजोडीचे खाते डाग असलेले का होईना, पण मिटलेले आहे. नवी बँक जेव्हा अहवाल उघडते तेव्हा स्कोअरच्या आकड्याआधी 'सध्या काही थकीत आहे का' या प्रश्नाचे उत्तर पाहते.

अहवाल छापून घ्या आणि त्या खात्याखालच्या चौकटी नीट वाचा. प्रत्येक महिन्याची एक चौकट असते, अशा छत्तीस महिन्यांपर्यंतच्या चौकटी दिसतात, आणि तीत तीन आकडे असतात. '०००' म्हणजे वेळेवर भरणा, '०३०' म्हणजे तीस दिवस उशीर, 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. नव्वद दिवसांच्या पुढे गेले की खाते अनुत्पादक होते. या जुन्या चौकटी पैसे भरून पुसल्या जात नाहीत. बदलते ते खात्याची स्थिती आणि थकीत रकमेचा रकाना, आणि तो शून्यावर आणणे हेच सध्या तुमच्या हातात आहे.

पैसे भरण्याआधी बँकेकडून ३१,४०० रुपयांची फोड मागा: मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. जुन्या थकबाकीवर बँका दंड आणि काही व्याज सोडायला बऱ्याचदा तयार असतात. पण सवलत घेताना पत्रातील शब्द पाहा. 'तडजोडीने मिटविले' असे लिहून आले तर एकाच्या ऐवजी दोन तडजोडी अहवालात बसतील. 'संपूर्ण देय रक्कम मिळाली, खाते बंद' असे लिहून मिळत असेल तरच पुढे जा. हे पत्र हातात आल्यावरच भरणा करा, तोही थेट कार्ड खात्यात धनादेशाने किंवा एनईएफटीने. वसुली एजंटाच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर एक रुपयाही पाठवू नका.

साताऱ्याची सून

शाखाधिकारी काकांनी क्रम बरोबर सांगितला आहे. मी ठेवीवरच्या कार्डाबद्दल लिहिते, कारण मी तेच वापरून येथवर आले आहे. माझ्या बाबतीत थकबाकी माझी नव्हती. नात्यातल्या एका माणसाच्या कर्जाला मी एका सहकारी बँकेत जामीनदार होते, त्याचे हप्ते थकले आणि ती नोंद माझ्याही अहवालात आली. जामीनदाराची सही ही आपल्याकडे मुंजीच्या आमंत्रणासारखी सहज दिली-घेतली जाते, पण अहवालात तिचे वजन कर्जदाराच्या सहीइतकेच असते.

व्यवस्था साधी आहे. तुम्ही बँकेत मुदत ठेव ठेवता, बँक तिच्यावर आपला बोजा नोंदविते आणि ठेवीच्या साधारण ७५ ते ९० टक्के, काही ठिकाणी पूर्ण रकमेइतकी, मर्यादा असलेले कार्ड देते. ठेवीवरील व्याज चालूच राहते. कार्ड चालू आहे तोवर ठेव मोडता येत नाही, आणि बिल थकले तर बँक ठेवीतून वळते करून घेते. बँकेला धोका नसल्यामुळे स्कोअर कमी असला तरी हे कार्ड मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. स्टेट बँकेच्या ठेवीवर मिळणारे 'उन्नती' कार्ड त्यातलेच, आणि आयसीआयसीआय, ॲक्सिस, कोटक, आयडीएफसी फर्स्ट यांचीही अशी कार्डे आहेत. ज्या बँकेशी तुमची तडजोड झाली तिच्याकडे मात्र जाऊ नका. तेथील अंतर्गत यादीत तुमचे नाव असते आणि ठेव पुढे केली तरी सहसा नकारच येतो.

एक खात्री आधी करून घ्या, की हे कार्ड पतमाहिती कंपन्यांना नेहमीच्या क्रेडिट कार्डाप्रमाणेच कळविले जाते का. बाजारात कार्डासारखी दिसणारी प्रीपेड कार्डेही विकली जातात. त्यांत आपलेच पैसे भरून आपणच खर्च करायचे असतात आणि त्यांतून पत तयार होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीचाही येथे उपयोग नाही. ती बँक नव्हे, आणि तिच्या ठेवींना पाच लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षणही नसते.

कार्ड मिळाल्यानंतर खरे काम सुरू होते. मी २५,००० ची ठेव केली होती, म्हणजे मर्यादा त्याहूनही थोडी कमी. एवढ्या लहान मर्यादेत एक मिक्सर आणि एक गॅस शेगडी घेतली की निम्मे कार्ड संपते, आणि आपण किती टक्के मर्यादा वापरतो हे स्कोअरमध्ये मोजले जाते. तीस टक्क्यांच्या आत राहावे असा सर्वसाधारण संकेत आहे. माझे कार्ड 'रुपे' या देशी कार्ड व्यवस्थेचे होते, त्यामुळे ते यूपीआयला जोडून वाण्याकडच्या क्यूआर कोडवर चालत असे. महिन्याचे तेल, साखर, साबण इतकेच त्यावर घ्यायचे आणि बाकी सगळे रोखीने, असा नेम ठेवला. कधी जास्त खर्च झालाच तर बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधीच रक्कम भरून टाकायची, म्हणजे बिलात थोडीच रक्कम दिसते. जानेवारी २०२५ पासून बँका महिन्याच्या १५ तारखेची आणि अखेरची अशी दर पंधरवड्याची माहिती कळवू लागल्या, त्यामुळे अशा शिस्तीचा परिणामही पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागला आहे.

बचत खात्यातून आपोआप भरणा लावून ठेवा, आणि तो लावताना 'किमान रक्कम' नव्हे तर 'संपूर्ण रक्कम' हा पर्याय निवडा. अर्जात बऱ्याचदा पहिलाच पर्याय आधी खूण करून ठेवलेला असतो. किमान रकमेचा हिशेब एकदा वहीवर मांडून पाहा. २०,००० रुपयांचे बिल आहे, दरमहा साडेतीन टक्के व्याज आहे आणि तुम्ही पाच टक्के म्हणजे १,००० रुपये भरलेत. ढोबळमानाने व्याज ७०० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १२६ रुपये, म्हणजे मूळ देण्यातून कमी झाले फक्त १७४ रुपये. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एटीएममधून या कार्डाने पैसे तर काढूच नका. तेथे शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

चिंचवडकर

काका आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. आज अहवाल छापून वाचला. दुसऱ्या कार्डाच्या खात्यापुढे आता मूळ बँकेऐवजी एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीचे नाव आहे. मग पैसे कोणाला द्यायचे? बँकेला विचारले तर शाखेत 'आमच्याकडे आता काही नाही' असे सांगतात. आणखी एक शंका अशी, की इतक्या वर्षांनी जुने देणे फेडल्यामुळे ते अहवालात नव्याने वर येऊन स्कोअर आणखी घसरेल, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. त्या ४,२०० रुपयांच्या ॲपच्या कर्जाचे काय करावे, हेही कोणी सांगावे. रक्कम लहान आहे, भरून मोकळे व्हावे असे एकदा मनात आले.

ग्राहकमित्र, नाशिक

४,२०० रुपये भरू नका. न घेतलेले कर्ज फेडले तर ते आपलेच होते असे मान्य केल्यासारखे होते, आणि ज्याने तुमच्या पॅनचा वापर केला तो पुन्हा करायला मोकळा राहतो.

ॲपच्या नावामागे नोंदणीकृत वित्तसंस्था असते आणि अहवालात तिचेच नाव छापलेले असते. प्रथम त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून कर्जाचा करार, पैसे ज्या बँक खात्यात जमा झाले त्याचा तपशील आणि अर्जातील मोबाइल क्रमांक मागा. खाते तुमचे नसेल तर विषय तेथेच स्पष्ट होतो. त्याच दिवशी पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर 'हे खाते माझे नाही' या प्रकाराखाली हरकत नोंदवा. ही हरकत चारही कंपन्यांकडे स्वतंत्रपणे पाहावी लागते, कारण एका अहवालातून नोंद गेली म्हणून ती उरलेल्या तिघांतून आपोआप जात नाही, आणि तुमची पुढची बँक नेमका कोणता अहवाल मागवील हे तुमच्या हाती नसते. ओळख चोरीचा प्रकार असल्यामुळे १९३० या क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार करून तिचा क्रमांक ईमेलमध्ये लिहा. तो क्रमांक असला की समोरच्याच्या उत्तराची भाषा बदलते, हा माझा अनेकांच्या प्रकरणांतला अनुभव आहे.

मुदतीची तरतूद लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार दुरुस्तीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यांतील पहिले एकवीस दिवस वित्तसंस्थेला आणि उरलेले पतमाहिती कंपनीला मिळतात. त्यापुढे विलंब झाला तर प्रतिदिन १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, आणि ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून तक्रार तोंडी किंवा फोनवर करू नये. तारीख आणि क्रमांक असलेली लेखी तक्रारच पुढे कामास येते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन दाद मागता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्या योजनेत आहेत, आणि तक्रारीसाठी शुल्क नाही की वकील नाही.

आणि अहवालाबरोबरच स्वतःचा मोबाइल क्रमांक व ईमेल चारही ठिकाणी अद्ययावत करून ठेवा. तुमचा अहवाल कोणी मागविला की संदेश येण्याची सोय आहे, पण जुना क्रमांक असेल तर तो संदेश भलत्याच माणसाकडे जाणार.

निवृत्त शाखाधिकारी

मालमत्ता पुनर्रचना कंपनीचे नाव असेल तर कर्ज तिला विकले गेले आहे आणि भरणा तिलाच करायचा. शाखेतल्या माणसाने सांगितले ते अपुरे असले तरी खोटे नाही. मात्र बँकेकडून 'हे खाते अमुक तारखेला अमुक कंपनीला हस्तांतरित केले' एवढे लेखी मागून घ्या, कारण अशा नावांनी फोन करणारे भामटेही असतात. या कंपन्या कर्ज कमी किमतीत घेतात, त्यामुळे सवलतीबाबत बोलणी करायला तेथे बँकेपेक्षा जास्त वाव असतो. पण 'बंद' की 'तडजोड' या शब्दांबाबत मी वर लिहिले ते येथेही तसेच लागू आहे. पैसे भरल्यावर ना-देय दाखला घ्या आणि महिना-दीड महिन्याने अहवाल पुन्हा काढून मूळ बँकेची आणि नव्या कंपनीची अशी दोन्ही ठिकाणची नोंद शून्य झाली का ते पाहा. एकाच कर्जाच्या दोन नोंदी राहून जाणे हा नेहमीचा घोळ आहे.

देणे फेडल्याने स्कोअर पडेल, ही तुमच्या सहकाऱ्याची भीती मनातून काढून टाका. भरणा झाल्यावर लगेच मोठी उडीही दिसणार नाही, हेही तितकेच खरे. त्याचा उपयोग पुढच्या बँकेतील माणूस अहवाल वाचतो तेव्हा होतो.

जर्सीचा पाहुणा

मी पुण्याचा, सध्या न्यू जर्सीत असतो. एक सावधगिरी सुचवितो. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि त्यांतल्या युक्त्या भारतात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येथे आई-वडिलांच्या किंवा जोडीदाराच्या जुन्या कार्डावर आपले नाव जोडून घेतले की त्या कार्डाचा चांगला इतिहास बऱ्याचदा आपल्याही अहवालात येतो. भारतातले ॲड-ऑन कार्ड मुख्य कार्डधारकाच्या जबाबदारीवर असते, त्यामुळे पत्नीच्या कार्डावर नाव घालून आपला स्कोअर सुधारेल या आशेवर राहू नये. दोन्हीकडचे आकडेही वेगळे: येथला फायको स्कोअर ३०० ते ८५०, तिकडचा सिबिल ३०० ते ९००. ठेवीवरच्या कार्डाबाबत मात्र तुम्ही तिकडे फायद्यात आहात, येथे अशा कार्डासाठी ठेवलेल्या रकमेवर बहुधा व्याज मिळत नाही.

मिरजेचा हिशेबनीस

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. वरची सगळी चर्चा कार्ड मिळविण्याभोवती फिरते आहे, पण प्रश्नकर्त्याचे मोठे काम घरकर्जाचे आहे, आणि तेथे तडजोडीची नोंद स्कोअरपेक्षा जड पडते. मी घरकर्जाच्या फायली तयार करून देण्याचे काम करतो. ७४० स्कोअर असलेल्या अर्जदारालाही जुन्या कार्डापुढच्या 'सेटल्ड' या एका शब्दामुळे ना-देय दाखला आणायला परत पाठविलेले मी पाहिले आहे. कित्येक बँका व्याजाचा दरही स्कोअरच्या पट्ट्यांनुसार ठरवितात, आणि वीस वर्षांच्या कर्जावर पाव टक्क्याचा फरक हा त्या ६६,००० पेक्षा कितीतरी मोठा ठरतो. त्यामुळे ते ६६,००० कधीच भरू नयेत असा अर्थ कोणी वरच्या उत्तरांतून काढू नये.

प्रवासाच्या खर्चासाठी कार्डच हवे, हेही मला पटलेले नाही. कंपनीकडे प्रवासासाठी आगाऊ रक्कम मागता येते. हॉटेलांची बिले बहुतेक ठिकाणी डेबिट कार्डावर किंवा यूपीआयवर चालतात. वीस हजारांची मर्यादा असलेल्या कार्डावर होसूरचा एक आठवड्याचा मुक्काम टाकला, तर ताईंनी सांगितलेली तीस टक्क्यांची रेषा पहिल्याच फेरीत ओलांडली जाईल, आणि कंपनीने परतावा उशिरा दिला तर बिल थकेल. पत सुधारण्यासाठी घ्यायचे कार्ड आणि प्रवासासाठी लागणारे कार्ड या दोन वेगळ्या गरजा आहेत. निदान पहिले वर्षभर तरी त्यांची गाठ घालू नका.

साताऱ्याची सून

हिशेबनीस म्हणतात ते प्रवासाबाबत अगदी मान्य. फक्त एक भर घालते: परतावा कधी येतो यावर आपले बिल अवलंबून ठेवायचे नाही, एवढे पाळता येत असेल तर एखादा लहान खर्च, रेल्वेचे तिकीट वगैरे, कार्डावर चालू शकतो. बिलाची मुदत चुकून एक-दोन दिवसांनी उलटली तर घाबरू नका. मुदतीनंतर तीन दिवसांहून जास्त काळ गेल्यावरच विलंब शुल्क लावता येते आणि खाते थकीत म्हणून कळविता येते. पण ही सवड नेहमीची म्हणून धरू नये.

चिंचवडकर

सर्वांची उत्तरे वाचून असे ठरविले आहे, की पुनर्रचना कंपनीशी लेखी बोलणी करून दुसऱ्या कार्डाचे देणे पूर्ण मिटवायचे, ३०,००० ची ठेव माझे पगार खाते असलेल्या बँकेत करून तिच्यावर कार्ड घ्यायचे, आणि उरलेल्या रकमेत दरमहा भर घालून पुढच्या वर्षी तडजोडीच्या ६६,००० बाबत पहिल्या बँकेकडे जायचे. त्या बँकेने आता इतक्या उशिरा पैसे घेतले तर खरोखर नोंद बदलते का? आणि ठेवीवरचे कार्ड किती काळ ठेवावे?

निवृत्त शाखाधिकारी

बदलते, पण मागितल्याशिवाय नाही. पहिल्या बँकेच्या वसुली विभागाला पत्र लिहा, की तडजोडीत सोडलेली रक्कम मी भरू इच्छितो आणि त्यानंतर खात्याची स्थिती 'सेटल्ड' ऐवजी 'बंद' अशी चारही कंपन्यांना कळविण्यात यावी. सोडलेल्या रकमेत व्याज आणि दंड किती होता तेही विचारा. काही बँका फक्त मुद्दलाचा भाग घेऊन ना-देय दाखला देतात आणि मग ६६,००० चे तीस-पस्तीस हजारांवर येऊ शकते. लेखी होकार मिळाल्याशिवाय पैसे भरू नका, कारण एकदा पैसे गेले की नोंद बदलण्याची घाई फक्त तुम्हालाच उरते. हिशेबनीसांचा मुद्दा बरोबर आहे: घरकर्जाचा अर्ज करण्याच्या निदान सहा महिने आधी हे काम पूर्ण झालेले असावे.

रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्यापूर्वी बँकेने किमान बारा महिन्यांचा विराम ठेवायचा असतो. तुमची तडजोड २०२२ ची असल्यामुळे हा कालावधी आता आड येण्याचे कारण नाही. पण बारा महिने ही किमान मर्यादा आहे आणि प्रत्येक बँकेचे अंतर्गत धोरण त्याहून कडक असू शकते. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांसाठी भांडवलाची अट कडक केली, त्यानंतर कार्डे देताना बँका एकूणच हात आखडून आहेत, तेव्हा विनातारण कार्डाला नकार आल्यास सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

ठेवीवरचे कार्ड निदान दीड-दोन वर्षे ठेवा. वेळेवर भरलेल्या महिन्यांच्या चौकटी जमल्या की बहुधा तीच बँक नेहमीचे कार्ड देऊ करील. ते घेतल्यावरही जुने कार्ड लगेच बंद करू नका, विशेषतः घरकर्जाचा अर्ज जवळ आला असेल तर, कारण तुमच्या अहवालातला चांगल्या परतफेडीचा सर्वांत लांब इतिहास तोच असेल आणि ते गेले की एकूण मर्यादाही घटेल. पुढे केव्हा बंद करायचे झाल्यास सर्व बाकी भरून लेखी विनंती द्या. सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद न केल्यास बँकेला प्रतिदिन ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. त्या विनंतीतच ठेवीवरचा बोजा उतरविण्याची मागणीही लिहा. कार्ड बंद झाले तरी ठेवीवरची खूण तशीच राहून गेल्याची प्रकरणे मी शाखेत असताना बरीच पाहिली, आणि ते ग्राहकाला कळायचे ठेव मोडायला आल्यावर.